केनियातल्या स्पॉन्सर केलेल्या मुलीला भेटवस्तू कशी पाठवायची? आणि तिला भेटायला जायचंय, काय न्यायचं?

निळी_छत्री:

नमस्कार मंडळी, इथे कुणी परदेशातल्या मुलाचं आर्थिक पालकत्व घेतलेलं आहे का? असेल तर कृपया सविस्तर लिहा, कारण मी गेले दोन आठवडे या एकाच विचारात आहे.

आम्ही चार वर्षांपासून एका संस्थेमार्फत केनियातल्या एका मुलीचा खर्च देतोय. सुरू केलं तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता दहा पूर्ण होतील. नैरोबीच्या पूर्वेला तो कोरडा भाग आहे ना, तिकडची. घरी किकांबा बोलतात, शाळेत स्वाहिली आणि इंग्रजी. नाव-गाव मुद्दामच लिहीत नाहीये. वर्षाला तीन-चार पत्रं येतात. पहिल्या पत्रात नुसता हाताचा पंजा गिरवलेला होता आणि खाली कुणीतरी मोठ्या माणसाने दोन ओळी लिहिल्या होत्या, आता ती स्वतः लिहिते, शेळीला दोन पिल्लं झाली, गणित आवडतं, धाकटा भाऊ चालायला लागला, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारते की तुमच्याकडे पाऊस पडला का.

तर यंदा वाढदिवसाला तिला एक मोठं पार्सल पाठवायचं माझ्या मनात आहे. बूट, दप्तर, रंगपेट्या, एक बाहुली, दोन फ्रॉक. सगळं आणून ठेवलंय सुद्धा. संस्थेच्या वेबसाइटवर लिहिलंय की पार्सल पाठवू नका, पण का ते नीट सांगितलेलं नाही, आणि माझी एक मैत्रीण म्हणते की शाळेचा पत्ता शोधून थेट पोस्टाने पाठव, पोचतं. असं कुणी केलंय का?

दुसरं म्हणजे ऑगस्टमध्ये मी आणि माझा मुलगा (वय १०, म्हणजे तिच्याच वयाचा) तिला भेटायला जायचं ठरवतोय. मला वाटतंय की तिला आणि तिच्या आईला दोन दिवस नैरोबीला आणावं, चांगल्या हॉटेलात ठेवावं, प्राणी दाखवावेत, तिने कधी सिंह बघितलेला नाही असं तिनेच लिहिलं होतं. माझ्या मुलाला त्याचा जुना टॅबलेट तिला द्यायचाय. तिला तीन भावंडं आहेत, त्यांच्यासाठी काय न्यावं हेही सुचवा. आणि तिला आत्ताच पत्रात कळवू का की आम्ही येतोय? खूप आनंद होईल तिला.

जुनी_पेटी:

निळी_छत्री ताई, पार्सल पाठवू नका. तुम्हाला नीट कारण कुणी सांगितलेलं नाही म्हणताय तर मी सांगते, कारण मी ही चूक केलेली आहे आणि ती आठवली की मला आजही वाईट वाटतं.

माझा मुलगा (म्हणजे स्पॉन्सर केलेला) युगांडातला. आई-वडील नाहीत, आत्याकडे राहायचा. मी पण असाच पत्ता मिळवून एक खोका पाठवला होता, साधारण तुमच्याच यादीसारखा. चार महिने काहीच कळलं नाही. मग त्याचं पत्र आलं, नेहमीसारखं प्रेमाने लिहिलेलं, त्यात मध्येच एक वाक्य होतं की आत्याने शेजाऱ्यांकडून पैसे उसने घेऊन तुमचं पार्सल सोडवून आणलं, देव तुमचं भलं करो. मी ते वाक्य तीनदा वाचलं. झालं असं होतं की खोका जिल्ह्याच्या गावी पोस्टात अडकला, कस्टम्सची रक्कम भरल्याशिवाय देईनात, आत्या दोनदा बसने गेली, पहिल्या वेळी पैसे कमी पडले म्हणून रिकाम्या हाताने परत आली. उसने पैसे काढून तिने ज्या वस्तू सोडवल्या त्यातले बूट त्याला लहान झाले होते, कारण मी माप घेतलं होतं आठ महिन्यांपूर्वीच्या फोटोवरून.

आणि ते उसने पैसे किती दिवस फेडत होती ते मला कधीच कळलं नाही. विचारायची सोय नव्हती.

त्यानंतर मी फक्त दोन गोष्टी करते. एक, पाकिटात मावेल तेवढंच: स्टिकर, फोटो, पोस्टकार्ड, रंगवायची चित्रं, कागदाचं बुकमार्क. सपाट आणि कागदाचं. नोटा अजिबात नाही, पाकिटात नोटा घालणं म्हणजे त्या कुणाच्या तरी खिशात जाणार आणि वर पाकीटही गायब होणार. आणि दोन, संस्थेच्या खात्यातूनच वाढदिवसाची रक्कम. बऱ्याच संस्थांमध्ये किमान आणि कमाल रक्कम ठरलेली असते, काही संस्था एकट्या मुलाला रक्कम देतच नाहीत, गावासाठीच घेतात, तर आधी ते विचारा. माझ्या संस्थेत तिथला कार्यकर्ता घरच्यांबरोबर बसून काय घ्यायचं ते ठरवतो. मला वाटायचं तो सायकल घेईल. त्यांनी गादी घेतली आणि छपराचे पत्रे घेतले. फोटोत तो गादीवर बसलाय आणि इतका हसतोय की मी तो फोटो फ्रेम करून लावलाय. चौघं जण जमिनीवर झोपायचे हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं.

आणून ठेवलेल्या वस्तू तुमच्याच आसपासच्या एखाद्या मुलीला द्या, वाया जाणार नाहीत.

अक्षरवेल:

जुनी_पेटी यांच्याशी पूर्ण सहमत.

मी अशा एका संस्थेच्या पत्रविभागात सहा वर्षं काम केलंय (संस्थेचं नाव लिहीत नाही), त्यामुळे पत्राचं काय होतं ते सांगते. तुम्ही लिहिता ते पत्र आधी कुणीतरी वाचतं, त्यात पत्ता, फोन, कसलं आश्वासन वगैरे आहे का बघायला. मग ते त्या देशातल्या ऑफिसला जातं, तिथे भाषांतर होतं, मग तिथून केंद्रावर, आणि मुलं एकत्र जमतात त्या दिवशी, बहुतेक ठिकाणी शनिवारी, ते मुलाला वाचून दाखवलं जातं. उत्तराचा उलटा प्रवास तसाच. जाऊन-येऊन सहा महिने सहज. म्हणून तुम्ही "परीक्षा कशी गेली" विचारता तोवर पुढची परीक्षा आलेली असते.

त्या शनिवारी काय होतं ते मी एकदा केंद्रावर जाऊन बघितलंय. नावं पुकारतात. ज्याचं नाव येतं तो पळत येतो. आणि चाळीसातल्या दहा-बारा मुलांचं नाव वर्षानुवर्षं येतच नाही, ती मागे भिंतीला टेकून बसतात. आता विचार करा की याच खोलीत एका मुलीसाठी मोठं खोकं आलंय. बाहुली, बूट, फ्रॉक. बाकीच्यांचं सोडा, त्या मुलीलाच ते जड होतं. एका मुलीने आलेलं खेळणं तीन आठवड्यांत कुणाला तरी देऊन टाकलं होतं कारण तिच्याशी कुणी बोलेना. पार्सल बंद करायला ही कारणं होती, कस्टम्स तर आहेच.

टॅबलेटचं, मुलाला समजावून सांगा, त्याची भावना फार चांगली आहे. पण वीज असेलच असं नाही, चोरीची भीती, आणि मुख्य म्हणजे त्यातून मुलाशी थेट संपर्क सुरू होतो. फोन नंबर, फेसबुक यावर बंदी का, तर स्पॉन्सर म्हणून येणारा प्रत्येक माणूस चांगलाच असतो असं नाही. तुमच्यावर संशय नाही हो, नियम सगळ्यांना सारखा असला तरच त्याचा उपयोग होतो. पत्रात घर, गाडी, सहलींचे फोटोही नका पाठवू. तुमचा चेहरा, मुलगा, झाड, मांजर असेल तर मांजर. मांजराचे फोटो मुलं कितीतरी वर्षं जपतात!

येणार असल्याचं तिला इतक्यात कळवू नका. विमानाचं तिकीट, परवानगी, तपासणी सगळं पक्कं झाल्यावर संस्थाच सांगेल. मी अशी मुलं बघितली आहेत जी "ते येणार आहेत" म्हणून वर्षभर वाट बघत राहिली आणि तिकडे कुणाची रजा रद्द झाली, कुणाचा बेत बदलला.

आणि एक विचारू का, राग मानू नका. ती प्रत्येक पत्रात पाऊस पडला का विचारते म्हणालात. तुम्ही उत्तर देता का? विचारते अशासाठी की आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या पत्रांत तेच तेच प्रश्न असायचे आणि पुढे स्पॉन्सरचं पत्र यायचं त्यात तीन पानं सगळं असायचं, त्या प्रश्नाचं उत्तर सोडून.

निळी_छत्री:

अक्षरवेल, राग कसला. काल रात्री मी माझ्या सगळ्या पत्रांच्या कॉपी काढून बसले. पंधरा पत्रं आहेत. एकातही पावसाचं उत्तर नाही. मला वाटायचं ते मुलांना शिकवलेलं ठरावीक वाक्य आहे, "तुम्ही कसे आहात" सारखं. ती कोरड्या भागातली आहे, तिथे पाऊस म्हणजे काय असतं याचा मी विचारच केला नाही. चार वर्षं विचारतेय पोर.

आज पत्र लिहिलंय. अख्खं पान पावसावर.

जुनी_पेटी, आत्याचं वाचून मला रडू आलं. पार्सल रद्द. बाकी भेटीबद्दल कुणी सांगेल का?

वाटसरू:

मी केनियालाच जाऊन आलोय, पण पश्चिमेकडे, लेक व्हिक्टोरियाच्या बाजूला. तुमचा भाग वेगळा आहे पण पद्धत बहुधा सारखीच.

आधी कागदपत्रं. संस्थेला किमान दोन-तीन महिने आधी अर्ज द्या. पोलीस पडताळणी किंवा पार्श्वभूमी तपासणी लागते, तिचा खर्च आपल्याकडे, बालसुरक्षेच्या फॉर्मवर सही लागते. मुलगा बरोबर येणार हेही आधीच लिहा. भेटीत पूर्ण वेळ संस्थेचा माणूस आणि दुभाषी बरोबर असतात, मुलाबरोबर एकट्याने कुठेही जाता येत नाही, त्यामुळे नैरोबीत हॉटेलवर दोन दिवस हे विसरा. मला पहिल्यांदा हे ऐकून लागलं होतं, आठ वर्षं पैसे पाठवतोय आणि माझ्यावर एवढा पहारा? मग विचार केला, माझ्या मुलीला कुणी परका माणूस परदेशातून येऊन हॉटेलवर नेतो म्हणाला असता तर मी काय केलं असतं.

केनियाला २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ईटीए (प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) आहे, ऑनलाइन काढायचा, तुमच्या पासपोर्टला काय लागू आहे ते बघून घ्या. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, प्रमाणपत्र त्यानंतरच वैध धरतात. एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते, पूर्वी दहा वर्षांनी परत घ्यावी लागायची. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

आणि हे महत्त्वाचं, भेटवस्तू प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये भरून नेऊ नका!! केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड साधासुधा नाही, ४० लाख शिलिंगपर्यंत किंवा तुरुंग. प्रवाशांच्या पिशव्या विमानतळावरच काढून घेतात. मी सगळं कापडी पिशव्यांत भरून नेलं आणि त्या पिशव्याच तिथल्या बायकांना सगळ्यात आवडल्या. प्राणी बघायला स्वतः गेलात तर तिथेही लक्षात ठेवा, जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत.

ऑगस्ट चांगला आहे. तिकडे शाळा जानेवारीत सुरू होते आणि ऑगस्टमध्ये साधारण तीन आठवडे सुट्टी असते, म्हणजे मुलगी घरी असेल, शाळा बुडणार नाही. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, तेव्हा कच्च्या रस्त्यांवर गाडी जाईलच याची खात्री नसते.

आता प्रत्यक्ष भेट. मी सांगतो ते मनाची तयारी म्हणून वाचा. पोरगा बोललाच नाही. पत्रांतून इतका बडबड्या आणि समोर उभा राहिला तर जमिनीकडे बघत, हात थंडगार. मी दुभाष्यामार्फत प्रश्नांवर प्रश्न विचारत होतो, तो एका शब्दात उत्तर देत होता, आणि मला आतून वाटत होतं की एवढ्या लांब आलो ते चुकलंच. तासभर असं. मग तिथली बाई म्हणाली, प्रश्न थांबवा, खेळा. मी बॉल नेला होता. बॉल बाहेर काढला आणि पाच मिनिटांत तीस पोरं गोळा झाली, तो माझ्या टीममध्ये होता आणि मला ओरडून सांगत होता कुठे पळायचं ते. भाषा कुणालाच लागली नाही. तुमचा मुलगा दहा वर्षांचा आहे ना, बरं आहे, मोठ्यांपेक्षा त्याचं लवकर जमेल.

बॉल नेताना पंप आणि दोन सुया न्या. केंद्रावर आधीच्या पाहुण्यांनी आणलेले चार बॉल पडून होते, हवा गेलेले.

घरी काय द्यायचं ते आधी तिथल्या कार्यकर्त्याला विचारा आणि शक्यतो तिथूनच घ्या. आम्ही जाताना वाटेतल्या गावात थांबून पीठ, साखर, तेल, साबण, सोलर दिवा असं घेतलं. सगळ्या घराला मिळून एक पिशवी, भावंडांना वेगवेगळं काही नाही, फक्त प्रत्येकाला वही आणि पेन्सिल. आणि ते केंद्रावर सगळ्यांसमोर नाही द्यायचं, घरात दिलं. हातात पैसे देऊ नका, आईने मागितले तरी संस्थेच्या माणसाकडे बघा, तो सांभाळून घेतो.

निघताना त्याच्या आजीने मला कोंबडी दिली. जिवंत. तिच्याकडे एकूण तीन होत्या. मी नाही नाही म्हणायला लागलो तर दुभाष्याने हळूच सांगितलं की घ्या, दोन्ही हातांनी घ्या, नाही म्हणालात तर तिचा अपमान आहे. घेतली. मग त्यानेच सुचवलं तसं मी आजीला म्हणालो की आता ही माझी कोंबडी, पण मला विमानात नेता येत नाही, तुम्ही माझ्या वतीने सांभाळाल का? ती हसायला लागली. पुढच्या दोन्ही पत्रांत "तुमच्या कोंबडीचं" वृत्त आलं, एका वेळी सात पिल्लं झाली म्हणून.

भटका_मास्तर:

वेगळं मत मांडतोय, कुणाचं मन दुखवायचं नाही.

दोघांच्या विमानप्रवासाच्या खर्चात त्या मुलीच्या किती वर्षांची सोय होईल याचा हिशोब केलाय का? आणि एका गावातल्या एकाच मुलीला कुणीतरी फोटो बघून निवडायचं, हेच मला मूळात पटत नाही. १९९८ मध्ये शिकागो ट्रिब्यूनने चार संस्थांमार्फत मुलं स्पॉन्सर करून मग त्यांना शोधत जाऊन मोठी मालिका छापली होती, त्यात काही मुलांना जवळजवळ काहीच मिळालं नव्हतं आणि एका मुलीचा मृत्यू झालेला स्पॉन्सरला बराच काळ कळवलाही नव्हता. म्हणून विचारतो, पैसा नक्की पोचतो का?

अक्षरवेल:

मास्तर, प्रश्न रास्त आहे. त्या मालिकेनंतर बऱ्याच संस्थांनी तपासणीचे नियम कडक केले, पण स्पॉन्सरने विचारत राहिलंच पाहिजे, वार्षिक अहवाल, ऑडिट, किती पैसा केंद्रापर्यंत जातो.

उपयोग होतो का यावर मात्र नीट अभ्यास झालाय. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवे आणि लेन रटलेज या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये छापला, कम्पॅशन इंटरनॅशनल या मुलं स्पॉन्सर करणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रमावर. बोलिव्हिया, ग्वाटेमाला, भारत, केनिया, फिलिपिन्स आणि युगांडा, मिळून १०,१४४ माणसांची माहिती, म्हणजे लहानपणी स्पॉन्सर झालेले आणि त्यांचीच स्पॉन्सर न झालेली भावंडं, शेजारी. स्पॉन्सर झालेली मुलं सरासरी १.०३ ते १.४६ वर्षं जास्त शिकली. ऐकायला थोडं वाटतं पण एवढ्याने माध्यमिक शाळा पूर्ण होते की नाही ते ठरू शकतं. त्यांच्याच पुढच्या कामात इंडोनेशियातल्या मुलांनी काढलेल्या चित्रांवरून त्यांची उमेद कशी आहे ते तपासलं, तिथेही स्पॉन्सर झालेल्या मुलांमध्ये फरक दिसला.

एका मुलाला निवडण्याबद्दल, सगळीकडे तसं नाही. वर्ल्ड व्हिजन, प्लॅन या संस्थांकडे पैसा गावाच्या कामात एकत्र जातो, पाणी, शाळा, दवाखाना, आणि मूल हा त्या गावाशी जोडणारा दुवा असतो. काही संस्था थेट त्या मुलावर खर्च करतात. निळी_छत्री ताई, तुमची कोणत्या प्रकारची आहे ते विचारून घ्या, भेटीत काय बघायला मिळेल ते त्यावर ठरतं.

अवांतर होतंय पण प्लॅनची सुरुवात १९३७ ची, स्पेनच्या यादवी युद्धातली. जॉन लँग्डन-डेव्हिस नावाच्या ब्रिटिश पत्रकाराला सांतांदेरहून आलेला एक एकटा मुलगा भेटला, त्याच्याजवळ बापाची चिठ्ठी होती की शहर पडलं की मला गोळी घालतील, ज्याला हा सापडेल त्याने याला सांभाळावं. तेव्हापासूनच एक मूल आणि एक माणूस यांच्यात पत्रं असावीत ही कल्पना आहे. म्हणून पत्राला मी एवढं महत्त्व देते, पैसे तर सरकारही देऊ शकतं.

जुनी_पेटी:

मास्तर, प्रवासखर्चाचं मलाही वाटायचं, म्हणून मी आजवर गेले नाही. पण माझा मुलगा आता २२ चा आहे, कार्यक्रमातून बाहेर पडला, पत्रं बंद झाली, आणि आता भेटायचा मार्गच उरला नाही. ज्यांना जमतंय त्यांनी जावं असं मला वाटतं.

आणि कृपया कुणी "दत्तक घेतलंय" असं म्हणू नका हो, मुलांच्या घरच्यांना ते ऐकवत नाही, बहुतेक मुलांना आई-बाप आहेत. केनियाने तर २०१४ पासून परदेशात दत्तक देणंच थांबवलंय.

निळी_छत्री:

धागा वर काढतेय. जाऊन आलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार कसे मानू कळत नाही, म्हणून सगळं सांगते.

तिला आम्ही येतोय हे दोन आठवडे आधी संस्थेने सांगितलं. ती बोलली नाही, वाटसरू म्हणाले तसंच. आईच्या मागे उभी होती आणि माझ्या चपलांकडे बघत होती. मी एकही प्रश्न विचारला नाही, मुलाला सोडलं. तो दोरीवरच्या उड्यांची दोरी घेऊन गेला होता (बॉल, पंप, सुया केंद्राला दिल्या). अर्ध्या तासात ती त्याला उड्या मारायला शिकवत होती कारण त्याला जमेनात, आणि प्रत्येक वेळी तो अडकला की ती पोटावर हात ठेवून हसायची.

घर दोन खोल्यांचं आहे. आईने बसायला खुर्ची दिली, बहुधा शेजारून आणलेली, आणि मग मुलीने पत्र्याचा डबा आणला. त्यात माझी पत्रं होती. सगळी पंधरा, आणि सगळ्यात वर पावसाचं. दुभाषी म्हणाला हे पत्र तिने वर्गात वाचून दाखवलं. मी त्यात लिहिलं होतं की आमच्याकडे कधीकधी इतका पाऊस पडतो की नको वाटतो, आणि या वाक्यावर सगळा वर्ग बराच वेळ बोलत होता म्हणे, पाऊस नको वाटतो म्हणजे काय, असं होऊ शकतं का. तिच्या आईने मला नंतर दाखवलं की पाणी कुठून आणतात. कोरडं नदीपात्र आहे, वाळूत खड्डा खणतात आणि हळूहळू वर येणारं पाणी वाटीने डब्यात भरतात. मीही भरलं. एका डब्याला माझी पंचवीस मिनिटं गेली, तिची मुलगी दहा मिनिटांत भरते.

म्हणून वाढदिवसाची रक्कम आम्ही बूट-दप्तराऐवजी पाण्याच्या टाकीसाठी दिली, छपरावरचं पाणी साठवायला. मी सुचवलं नाही, कार्यकर्त्याने घरच्यांना विचारलं तेव्हा आईने सांगितलं. बूट शाळेकडून मिळालेत.

टॅबलेट घरीच राहिला. मुलाने त्याऐवजी एक चित्रांची वही केली होती, आमच्या घरापासून तिच्या घरापर्यंतच्या प्रवासाची, शेवटची पानं कोरी ठेवली होती. ती दोघांनी मिळून तिथेच बसून भरली. एका पानावर सिंह आहे, तो तिने त्यालाच काढायला लावला कारण त्याने खरा बघितला होता आणि तिने नाही. तिला नेता आलं नाही याची हुरहूर मला अजून आहे, खोटं कशाला बोलू.

कोंबडी नाही मिळाली, पण आईने स्वतः विणलेली टोपली दिली, तिकडे कियोंडो म्हणतात, सिसलच्या (घायपाताच्या) दोऱ्याची. दोन्ही हातांनी घेतली.

फोटो टाकत नाही, फॉर्मवर तशी सही केलीये. कुणाला पुढच्या ऑगस्टला जायचं असेल तर मला व्यनि (खाजगी निरोप) करा, अर्ज कसा भरायचा ते सांगते. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच्या तसं लिहा, मी मधलं नाव गाळलं तर तपासणी परत करावी लागली आणि तीन आठवडे गेले.